महत्त्वाकांक्षा कोणाची?



श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांची ही कथा वाचताना एक प्रश्न मनात उभा राहतो. नवव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीला शिकविण्याचा ध्यास तिच्या पतीचा, गोपाळरावांचा होता. त्यापायी त्यांनी तिला मारलेही. मग डॉक्टर होण्याची महत्त्वाकांक्षा तिची म्हणावी की त्यांची? दुसऱ्याने पुढे ढकललेली स्त्री स्वतंत्र म्हणता येईल काय?

येईल, असे आम्हांस वाटते. आनंदीबाई चौदा वर्षांच्या असताना त्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले. १८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूरच्या सभेत त्यांनी परदेशी जाण्याची कारणे स्वतः मांडली. हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टर हव्यात, कारण बायका पुरुष डॉक्टरापुढे आपले दुखणे सांगत नाहीत. हे कारण एका आईच्या अनुभवातले होते. त्याच वर्षी पती मागे राहिले आणि त्या अमेरिकेस गेल्या. तेथून पतीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी लहानपणी खाल्लेल्या माराचा स्पष्ट उल्लेख केला. १८८६ साली एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. ध्यास दुसऱ्याने दिला, तरी त्याचे कारण ज्याने स्वतः शोधले, त्याचाच तो होतो. मात्र यश आले म्हणून मार योग्य ठरत नाही.

आपल्या समाजातील डॉ. जेरूशा झिराड यांची गोष्ट निराळी. बहीण कामा हॉस्पिटलात बरी झालेली पाहून त्यांनी बालवयातच डॉक्टर होण्याचे ठरविले. टाटांच्या कर्जशिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या, १९१९ साली एम.डी. झाल्या आणि पुढे त्याच हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. निश्चय त्यांचा, मदत इतरांची. मदत घेतल्याने स्वातंत्र्य उणे होत नाही.

येथे स्कोफिल्ड्समध्ये आपल्यासारख्या घरांतून ‘तुमच्यासाठी देश सोडला’ हे वाक्य मुलींच्या कानी वरचेवर पडते. ते खरे असेल, पण त्या उपकाराच्या ओझ्याखाली मुलीने ‘हो’ म्हटले, तर तो निर्णय तिचा राहत नाही. काय शिकावे, हे आईबापांनी जरूर सुचवावे. का शिकावे, हे मात्र तिच्या तोंडून ऐकावे आणि तिने ‘नको’ म्हटले, तर तेही शांतपणे ऐकून घ्यावे.