सातबारा एकाचा, पाझर कुणाचा?

न्हावऱ्याच्या शिवारात बांधाला बांध लागून असलेले दोन शेतकरी कल्पनेनं उभे करू. थोरल्याचा ऊस आहे. घोडगंगा सहकारी साखर कारखाना गावातच, त्यामुळे उसाचा मोह समजण्यासारखा. त्याचं बोअर पाचशे फूट खोल. धाकट्याची जुनी दगडी विहीर चैत्रात तळ गाठते. मोटर लावली की पाच मिनिटांत हवा ओढू लागते. "अण्णा, तुमची मोटर सुरू झाली की माझा झरा आटतो," धाकटा म्हणतो. "जमीन माझी, बोअर माझं, वीजबिल मी भरतो. तुझ्या विहिरीत मी कधी बादली तरी सोडली का रे?" अण्णा विचारतात. दोघंही खरंच बोलतात, म्हणून पेच सुटत नाही.

अण्णांच्या बाजूनं जुना कायदाही आहे. ठरावीक प्रवाहात न वाहणारं, जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा मालकाचा हक्क 1882च्या सुविधाधिकार कायद्यानं मान्य केला. पण पाझर गट नंबर वाचत नाही. कातळाच्या भेगांतलं पाणी एकच. ज्याचं बोअर खोल, त्याच्याकडे ते ओढलं जातं. कागदावर सगळ्यांना सारखा असलेला हक्क शिवारात खोल जाण्याच्या ऐपतीचा हक्क होतो. मग धाकट्याला हा अन्याय वाटतो तो कोणत्या कलमाच्या आधारे? 1882चा कायदा तर त्याच्या विरोधात आहे. लिहिलेल्या कायद्यालाही जाब विचारणारी जी मोजपट्टी माणसाच्या विवेकात असते, तिला नैसर्गिक कायदा म्हणतात. सरकार नसतं, दप्तर नसतं, तरी दुसऱ्याच्या तोंडचं पाणी तोडणं गैरच ठरलं असतं, एवढा त्याचा साधा अर्थ.

"निसर्गाचंच काढतोस तर तिथं बळी तो कान पिळी," अण्णा म्हणतील. "मोठा मासा लहानाला गिळतो, त्याला कुठलं कोर्ट?" खरं आहे, पण मासा आपल्या गिळण्याचं समर्थन करत नाही, अण्णा करतात. 'माझा हक्क' म्हटलं की कारण द्यावं लागतं, आणि एकदा दिलेलं कारण शेजाऱ्याच्या तोंडीही तितकंच चालावं लागतं. उद्या पलीकडच्यानं आठशे फुटांचं बोअर घेऊन अण्णांचा ऊस वाळवला, तर 'जमीन त्याची, बोअर त्याचं' असं म्हणून ते गप्प बसतील का? बांधाच्या दोन्ही बाजूंना उभं राहून जो नियम कबूल करता येतो, तोच इथं टिकतो.

याहून जड आक्षेप वेगळा आहे: निसर्गाचं नाव घेऊनच तर इथं माणसांना पाणवठ्यावरून हाकललं गेलं. म्हणूनच बांधाची कसोटी हवी; उच्चनीचतेचा कोणताही नियम तिच्यात पहिल्या फेरीलाच बाद होतो. महाडचं चवदार तळं नगरपालिकेनं खुलं केल्यावरही अस्पृश्यांना तिथं जाता येत नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी ते पाणी प्यायलं, त्यावर दावा झाला, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं त्यातलं अपील फेटाळलं. बंदीची चाल पुरातन असल्याचं सिद्ध झालं नाही, हे त्याचं कारण. निकाल योग्य होता, कारण तोकडं होतं. ती चाल खरोखर हजार वर्षांची निघाली असती तर? तरीही ती अन्यायच ठरली असती, असं ज्या बळावर आपण ठामपणे म्हणतो, ते बळ कुठल्याही रूढीत किंवा कलमात सापडत नाही.

"मग उद्या जो तो आपला विवेक घेऊन माझी केबल कापायला येईल," अण्णांची ही भीती मात्र रास्त आहे. नैसर्गिक कायदा सवाल विचारतो, अंमल करत नाही. अंमलासाठी सर्वांनी मिळून ठरवलेला नियम लागतो. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीच्या मापानं न देता माणशी अर्ध्या एकरापुरतं दिलं, उसाला बंदी केली आणि भूमिहीनालाही वाटा ठेवला. हे सारं लोकांच्या संमतीनं. कायदाही मागून आला: 1993मध्ये सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताभोवतालच्या 500 मीटरांत विनापरवाना नवी विहीर घेण्यावर बंधन आलं, 2009च्या कायद्यानं भूजलाच्या नियमनाची चौकट आणखी रुंदावली. तरी बोअरची गाडी शिवारात फिरतेच. विवेकाला न पटलेला कायदा दप्तरात पडून राहतो, आणि कायद्यात न उतरलेला विवेक बांधावर नुसता कुढतो.

"म्हणजे बोअर बुजवू?" अण्णा चिडून विचारतील. "नका बुजवू, अण्णा. कॅनॉलला पाळी असते, तशी दोघांच्या मोटरींची पाळी लावू." हे दोघांना पटेलही. मग नायगावचा हिशेब पुढे येईल: अण्णांचा ऊस तोडणाऱ्या, नावावर गुंठाही नसलेल्या माणसाची पाळी कोणत्या वारी?