पाय घसरला, देणे कोणाचे?



दुकानात कोणी घसरून पडले की आपण पहिल्यांदा म्हणतो, 'बघून चालता येत नव्हते का?' दुकानदार पाणी देतो, रिक्षा बोलावतो आणि विषय संपतो. नंतर कोणी भरपाई मागितली तर त्याला लोभी म्हणायला आपण मोकळे! हे न्यायाचे आहे का, यावर आज आम्हांला थोडे बोलायचे आहे.

जून १९७४ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे टेस्कोच्या दुकानात एक गिऱ्हाईक बाई सांडलेल्या दह्यावरून घसरल्या. दही किती वेळ तिथे पडून होते हे त्यांना सांगता येईना. दुकानाचे म्हणणे असे की, फरशी दिवसातून पाच-सहा वेळा झाडली जाते. सुमारे तीन आठवड्यांनी त्या बाई पुन्हा तिथे गेल्या, तर संत्र्याचा रस सांडलेला. त्या पाव तास पाहत राहिल्या. पुसायला कोणी आले नाही. अपील न्यायालयाने बहुमताने ठरवले की फरशी दुकानाच्या ताब्यात होती, तेव्हा खुलासा दुकानाने करावा. भरपाई मिळाली साडेएकशे सदतीस पौंड. एका न्यायाधीशाचे मत मात्र वेगळे पडले: कितीही काळजी घेतली तरी असा अपघात होऊ शकतो. हा मुद्दा आम्हांला हलका वाटत नाही.

जुन्या करारात निर्गमाच्या पुस्तकात नियम आहे: खड्डा उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल पडला, तर खड्ड्याच्या मालकाने भरून द्यावे. मारहाणीत जखमी झालेल्याचा उपचार आणि बुडालेला वेळही भरून द्यायचा आहे. संत थॉमस अक्विनास तर भरपाईला दयेत नव्हे, न्यायात बसवतात. गेलेला अवयव परत देता येत नाही; म्हणून पैशाने किंवा मानाने, सुज्ञ माणूस ठरवील तेवढे द्यावे, असे ते सांगतात.

पण किती? डॉक्टरचे बिल मोजता येते. गृहिणीचे बुडालेले दिवस कोण मोजतो? १९८९ च्या जमशेदपूर आगीसंबंधी लता वाधवा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३००० रुपये धरले. रक्कम थोडी वाटेल, पण शून्य तर नाही. उलट, जुनी गुडघेदुखी नव्या बिलात घालणे म्हणजे दुसऱ्याचे घेणेच झाले.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी, मागू नये. जिला लागले तिने देणे सोडून दिले तर तो तिचा मोठेपणा. दुकानदाराला मात्र स्वतःचे देणे स्वतःच माफ करता येत नाही. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तिच्या वतीने नाही.

आपल्यात दुकानदार आहेत, तशा दुकानात फरशी पुसणाऱ्या बायाही आहेत. भरपाईचे पैसे त्यांच्या पगारातून कापू नयेत. पुसायला माणसे किती ठेवायची, हे त्यांनी ठरवलेले नसते.