माळ एकेक मण्यानेच पूर्ण होते

॥ जय गुरुदेव ॥



बडोद्याचं ऊन चाळिशीपार गेलंय. घरोघरी नीट-जेईईची मुलं पुस्तकं घेऊन बसलीत. परवा सत्संगानंतर एक लेक रडवेली होऊन म्हणाली, "काकू, मन लागतच नाही. मला नाही जमणार."

आम्ही तिला आपल्याच गावाची गोष्ट सांगितली. कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ च्या मे महिन्यात, असल्याच उन्हात, बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक आला. वय १२, अक्षरओळखही नाही. रोजचा धडा रोज गिरवत १८८१ मध्ये त्याने राज्यकारभार हाती घेतला. तेच आपले सयाजीराव महाराज! पुढे १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

बाळांनो, १०८ मणी मोजत बसलं की हात थांबतो. बोटात असलेला मणी तेवढा ओढायचा. पहाटेच्या गारव्यात एकच धडा, पण मनापासून. ही साधनाच आहे.

आणि आयांनो, चूक आपलीही आहे. दुसऱ्यांच्या मुलांचे टक्के आपणच घरात मोठ्याने वाचतो. आज मार्क विचारू नका. पन्हं द्या, शेजारी बसून नामस्मरण करा. पेपर कसाही जावो, लेकरू आपलंच आहे.

जय गुरुदेव 🙏