पंप धुतलेलं पाणी

हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यांत मी ३१ वर्षं आरोग्यसेवक होतो. लोक म्हणायचे, ‘मलेरियावाला आला.’ रक्तनमुने घ्यायचे, रांजण रिकामे करायला लावायचे, १० लिटर पाण्यात अडीच मिली अ‍ॅबेट हे अळीनाशक कालवून गटारात मारायचं, भिंती फवारायच्या, हे माझं काम.

शिरड शहापूरला जैन तीर्थंकर मल्लिनाथांच्या दर्शनाला आलेल्या एका आजींनी एकदा विचारलं, “लेकरा, रोज एवढे जीव मारतोस, झोप लागते का रे?” मी म्हणालो, “आजी, थंडीतापानं थडथड उडणारं पोर मी मांडीवर घेतलंय. लागते झोप.”

ते उत्तर मला आजही खोटं वाटत नाही. पण एका पावसाळ्यात फवारणी आटोपल्यावर मी डेल्टामेथ्रिनचा पंप ओढ्यातच खळबळला. सकाळी डोहाच्या काठाला बारीक मासळी उलटी पडलेली, झिंगे तळाशी मेलेले. पंपाचं धुणं खड्ड्यात जिरवायचं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. खड्डा खणायचा मी कंटाळा केला होता.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद येतो. बेसावधपणे घेतलेला जीव, ती हिंसा. हे वाचलं तेव्हा तो डोह डोळ्यांपुढे आला. बचावासाठी करावी लागणारी हिंसा जैन विचार ‘विरोधी’ म्हणून वेगळी काढतो आणि गृहस्थाला तेवढी मोकळीक देतो. डासांचा हिशेब मी त्या खात्यात मांडू शकतो. झिंग्यांचा कुठे मांडू? त्यांनी कुणाला ताप दिला होता?

आणि पाणी डोहात थांबत नाही. ओढा कयाधूला मिळतो, कयाधू पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला. पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते, गोदावरी बंगालच्या उपसागरात. जीवांचं हित ज्या नदीच्या नावातच आहे, तिच्या वाटेवर मी पंप धुतला. हिंगोलीला समुद्र नाही, ही समजूत मी तेव्हा सोडली.

कयाधूच्याच काठी नरसी आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांचं गाव. आपल्या घासाला तोंड लावणाऱ्या जिवाचीही त्यांना काळजी होती.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. साथीत घरात औषध मारा, त्यात कुचराई नको. पण नदी, ओढा, तळं यांच्या काठावर फवारणीला बंदी हवी. आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळला तर अळीचा डास होतच नाही. अळ्या खाणारे गप्पी मासे हौदात, टाक्यात सोडा; नदीत नको, तो आपल्याकडचा मासा नाही.

डोहातल्या त्या सकाळीनंतर नोकरी संपेपर्यंत माझ्या सायकलला फवारणीच्या दिवसांत कुदळ बांधलेली असायची. गावात पोहोचलो की आधी विहिरीपासून, ओढ्यापासून लांब खड्डा खणायचो, मग पंप भरायचो.