हवेच्या बंदुकीचे रूप

आमच्या इंदूरच्या घरी परवा शेजारची कन्या आपली स्पर्धेची हवाई बंदूक घेऊन आली. पेटी उघडताच आम्ही उद्गारलो, ‘‘ही बंदूक की अस्थिवैद्याचे उपकरण?’’ ॲल्युमिनियमचा नुसता सांगाडा. गालाचा टेका स्क्रूंवर उभा. मागे खांद्यात अडकणारा आकडा. नळीखाली हवेचे नळकांडे. मुलगी हसून म्हणाली, ‘‘काका, ही बघायला नाही, धरायला केलेली आहे.’’ बोलणे साधे होते, पण ते आमच्या मनातून जाईना.

कुरूपता कशात असते? पुष्कळदा ती सवयीत असते. बंदुकीचे रूप दारूच्या बंदुकीने ठरविले आणि हवेच्या बंदुकीने ते उसने घेतले. 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी जिरांदोनी याने जी हवाई रायफल घडविली, तिच्यात लाकडी दस्त्याच्या जागी हवेची लोखंडी टाकीच होती. ती पाहून जुन्या शिपायांनी नाके मुरडली असतील. परंतु सवयीने सगळाच उलगडा होत नाही. सॉक्रेटिसाचे म्हणणे झेनोफनने नोंदविले आहे, की आपले काम नीट करणारी शेणाची टोपलीही सुंदर, आणि न करणारी सोन्याची ढालही कुरूप. या न्यायाने दहा मीटरांवरून अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याचा वेध घेणारी ही बंदूक सुंदरच ठरते. बुद्धीला हे पटते. डोळा मात्र ऐकत नाही.

मग त्या मुलीने ती उचलून पवित्रा घेतला. गाल टेक्यावर विसावला, आकडा खांद्यात बसला, डावे कोपर कमरेवर स्थिर झाले, आणि मघाशी तुटक दिसणाऱ्या रेषा तिच्या देहातून सलग वाहू लागल्या. आम्ही अर्धीच वस्तू पाहून निकाल दिला होता. कोणाच्याही अंगाला जुळवून घ्यावे म्हणून केलेली ती वस्तू. पेटीत असताना ती कोणाचीच नसते.

खरी कुरूप म्हणावी अशी बंदूक निराळीच. काळ्या प्लॅस्टिकची, लष्करी रायफलीचे सोंग घेतलेली. जिला काडतूस ठाऊक नाही तिला काडतुसांची खोटी पेटी, आणि उडवायचा तो साडेचार मिलिमीटरचा छर्रा! तिचा प्रत्येक अवयव आपण जे नाही ते सांगतो. ही कुरूपता डोळ्याला नव्हे, विश्वासाला खुपते.

इथवर विचार सुखाचा होता. पण आमच्या माळ्यावर वडिलांच्या वेळची एक हवाई बंदूक आहे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, नळी वाकवून भरावयाची, कुठे एक रेष अधिक नाही. इतकी देखणी वस्तू आमच्या घरात दुसरी नसेल. तिनेच आम्ही वयाच्या बाराव्या वर्षी पेरूच्या झाडावरचा बुलबुल पाडला. सालिम अलींनीही बालपणी मुंबईस असाच एक पिवळ्या गळ्याचा चिमणा पाडला होता; पण तो कोणता पक्षी, या कुतूहलाने ते नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारी गेले आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. आमच्या बुलबुलातून काहीच निपजले नाही; त्याला मुंग्या लागल्या, एवढे स्मरते. 2021 मध्ये अरुणाचल प्रदेशात वन्यजीवांच्या रक्षणासाठी लोकांनी आपल्या हवाई बंदुका आपण होऊन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली. त्यांत सुबक किती, बेढब किती, हे कोणी मोजले नसेल. पाखरांना तर हा प्रश्नच नाही.

देखणेपण या कृत्यात भागीदार नव्हते काय? होते, असे आम्हांस वाटते. तो दस्ता हाताला इतका गोड लागला नसता तर ती बंदूक आम्ही उचललीच नसती. सांगाड्यासारखी दिसणारी ती दुसरी बंदूक मात्र कागदाला भोके पाडते आणि पेटीत परत जाते. तरीही आमचा डोळा माळ्यावरचीलाच सुंदर म्हणतो, आणि त्याला खोटी साक्ष द्यावयास लावणे आम्हांस जमत नाही.

ती बंदूक खाली काढून आम्ही मुलीच्या हाती दिली. तिने दस्त्यावरून बोट फिरविले, कौतुक केले, आणि विचारले, ‘‘काका, हिनं काय काय टिपलंत?’’

आम्ही तिला अक्रोडाच्या लाकडाविषयी सांगू लागलो.