पोटाचा प्रश्न

दिवाळीच्या अंकात, वाचकांसमोर चकलीचे ताट असताना, पोटाविषयी लिहू नये हे मला कळते. पण मराठी माणसाला पोट वर्ज्य करून बोलताच येत नाही. लेकरू पोटचे, माया पोटातली, नोकरी पोटासाठी, आणि दुसऱ्याचा अपराध घालायचा तोही पोटात. इतका भार ज्याच्यावर टाकला, त्या पोटाच्या आकाराविषयी कोणी तक्रार केली की मात्र आपल्याला हसू येते. चंद्रालाही आले होते. मोदक खाऊन निघालेल्या गणपतीचे पोट फुटले, त्याने ते सापाने आवळून बांधले, आणि ते पाहून वरून चंद्र हसला, ही गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकली होती. शाप पोटवाल्याला मिळाला नाही, हसणाऱ्याला मिळाला, एवढे मी विसरलो होतो. विसरलो नसतो, तर गेल्या दिवाळीत जे बोललो ते बोललो नसतो.

माझी लेक नाशिकला एका बँकेत नोकरी करते. तिला जुळे मुलगे आहेत, तेव्हा चार वर्षांचे होते. भाऊबिजेला ती सायखेड्याला आली आणि स्वयंपाकघरात आईशी काहीतरी हळू आवाजात बोलली. रात्री आमच्या सौ.ने ते मला सांगितले, तेही कोणाचे कर्ज निघावे अशा आवाजात. लेकीला 'टमी टक' नावाची शस्त्रक्रिया करून घ्यायची होती. बाळंतपणात ताणून लोंबलेली पोटावरची कातडी कापून काढायची, आतले स्नायू शिवायचे आणि पोट पुन्हा सपाट करायचे. पैसे तिने स्वतःच्या पगारातून आवर्ती ठेवीत साठवले होते. विमा कंपनी अशा कामाला बहुधा पैसे देत नाही.

मी पस्तीस वर्षे मास्तरकी केली. मास्तरला मत बनवायला वेळ लागत नाही. सकाळी चहाच्या वेळी मी म्हणालो, "धडधाकट शरीराला सुरी लावून घ्यायची? हा नटवेपणा आहे. या गावाने पूर सोसला, लोकांची घरे गेली, आणि तुला पोटाच्या सुरकुत्यांची पडली!"

ती लगेच काही बोलली नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली.

त्या भिंतीची हकीकत सांगायला हवी. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात, आणि गंगा दारात असणे हे पुण्य असले तरी श्रावणात ते महाग पडते. 2019 च्या ऑगस्टमध्ये वरच्या धरणांतून पाणी सुटले आणि सायखेडा, पलीकडचे चांदोरी, दोन्ही गावे पाण्यात गेली. आमच्या घरात छातीइतके पाणी होते. ओसरल्यावर गाळ काढला, भांडी घासली, घर शाबूत निघाले. राहिली ती भिंतीवरची मातकट रेघ. मी चुना दिला, ती वर आली. खरवडून रंग दिला, पुन्हा आली. तिसऱ्यांदा गिलावा काढून नवा केला तेव्हा गेली. शेजारी म्हणत होते, "राहू द्या की मास्तर, रेघ काय खाते का?" पण रोज जेवताना ती रेघ डोळ्यांसमोर असे, आणि घास घशाखाली उतरत नसे.

लेक म्हणाली, "नाना, त्या रेघेतून घरात पाणी येत होतं?"

"नाही."

"भिंत पडणार होती?"

"नाही."

"मग तीनदा खर्च कशाला केलात?"

भिंत आणि देह एक नव्हे, असे मी म्हणालो. ते खरेच आहे. भिंतीला भूल द्यावी लागत नाही, आणि भिंत टेबलावर दगावत नाही. पण वादात खरे उत्तर देऊनही माणूस हरलेला असू शकतो. जावईबापू काही बोलले का, असे मी विचारले. त्यात एक आशा होती: दोष जावयावर टाकता आला तर बरे. ती म्हणाली, "ते नकोच म्हणतात. भितात. मलाच हवं आहे."

ती परत गेल्यावर मला पुण्याचा कावसजी आठवला. इंग्रजांच्या फौजेतला हा बैलगाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका वीट करणाऱ्या कारागिराने त्याच्या कपाळावरची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने ही हकीकत चित्रासह छापली आणि युरोपातले शस्त्रवैद्य थक्क झाले. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात तिचा उल्लेख हमखास येतो. आता, नाकाच्या पाळ्या नसल्या तरी श्वास चालतो. कावसजी जगला असता, गाड्याही हाकल्या असत्या. तरी त्याला कोणी नटवा म्हटल्याचे मी वाचलेले नाही. नाक म्हणजे अब्रू. ते शत्रूने कापलेले, म्हणून ते परत मागण्याचा हक्क आपण निमूट मान्य करतो. पोटाचे तसे नाही. ते मातृत्वाने बिघडवले, आणि मातृत्वाविरुद्ध फिर्याद नेण्याची सोय आपल्याकडे नाही.

एक कबुली देतो. मला दुसरी एक पळवाट सुचली होती. लेकीची कंबर दुखत असे, आणि उन्हाळ्यात कातडीच्या घडीत पुरळ उठत असे. मी फोनवर म्हणालो, "मग असं सांगू या ना, की हर्नियाचं ऑपरेशन आहे. कोणी विचारणार नाही." ती म्हणाली, "कंबर दुखते हे खरं आहे. पण नाना, दुखत नसती तरी मी हे केलं असतं. खोटं कशाला सांगायचं?"

या वाक्यापाशी मी बरेच दिवस अडून होतो. आपण दुखण्याला क्षमा करतो, इच्छेला करत नाही. शरीराकडून मागायचे ते आजाराच्या नावाने मागावे, म्हणजे घर, गाव आणि नातेवाईक सगळे फळे घेऊन भेटायला येतात. तेच मागणे 'मला असे हवे' म्हणून केले, तर कारण द्यावे लागते, आणि कुठलेही कारण पुरत नाही. आणि ही चौकशी सर्वांची होत नाही. कांद्याच्या बाजाराला येणारे माझ्या वयाचे निम्मे लोक मिशांना कलप लावतात. मी स्वतः समोरचे दोन दात बसवले ते भाकरीसाठी नव्हे, भाकरी दाढांनी चावता येत होती. ब्राझीलमध्ये ईव्हो पितांग्वी नावाचे मोठे शस्त्रवैद्य होऊन गेले. पोटाच्या या शस्त्रक्रियेची पद्धत घडवण्यात त्यांचा वाटा मोठा. रिओच्या एका धर्मादाय रुग्णालयात ते गरिबांवर अशा शस्त्रक्रिया करीत. आपले रूप नकोसे वाटण्याचे दुःख श्रीमंतांनाच होते असे त्यांना वाटत नसे. त्यांचे सगळे मला पटते असे नाही. सुरी स्वस्त झाली की गरज वाढते, हेही मी पाहतो. पण 'नटवेपणा' हा शब्द मात्र मी मागे घेतला.

डॉक्टरांकडे मीही गेलो. त्यांनी आधी प्रश्न विचारले: आणखी मूल हवे आहे का, वजन स्थिर आहे का, साखर, तंबाखू, घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का. मग म्हणाले, "हे वजन कमी करण्याचं ऑपरेशन नाही." त्यांनी कागदावर चित्र काढले. पोटाचे दोन उभे स्नायू गर्भ वाढताना बाजूला सरकतात आणि मधला पडदा ताणतो. पुष्कळ बायकांचा तो हळूहळू आखडतो, व्यायामानेही फरक पडतो. काहींचा नाही आखडत. सैल झालेली कातडी तर कुठल्याच व्यायामाने आटत नाही. म्हणून ओटीपोटाखाली या कमरेपासून त्या कमरेपर्यंत आडवा छेद घ्यायचा, कातडी वर उचलायची, स्नायू मध्ये आणून शिवायचे, आणि कातडी खाली ओढून जास्तीची कापायची. बेंबी आपल्या देठावर जागच्या जागी राहते. ओढलेल्या कातडीला नवी खिडकी पाडून तिला बाहेर काढतात. वण कायमचा. वर्षभरात फिका होतो, जात नाही. बेंबीखालची कातडी काही महिने बधिर राहते, काहींची थोडी कायमचीच. आणि पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून चालायचे. ते हे शांतपणे सांगत होते आणि माझे तळहात ओले झाले होते. लेकीने विचारले, "पहिल्यासारखं होईल?" ते म्हणाले, "नाही. सपाट होईल. पहिल्यासारखं नाही."

पौषात शस्त्रक्रिया झाली. तीन तास मी बाहेरच्या बाकावर एकच वर्तमानपत्र वाचत होतो. काय वाचले ते विचारू नका.

विश्रांतीला ती सायखेड्याला आली. आमच्या सौ.ने हे तिसरे बाळंतपणच धरले. डिंकाचे लाडू झाले. कमरेचा घट्ट पट्टा पाहून त्या म्हणाल्या, "यात नवीन काय? आम्ही जुन्या लुगड्याची पट्टी बांधत होतो." सुईणीने बाळंतिणीचे पोट बांधायचे, त्यामागेही हीच इच्छा असावी, फक्त तिला कोणी नटवेपणा म्हटले नाही. पण शेकायला शेगडी आणली तेव्हा लेकीने हात जोडले. बधिर कातडीला चटका कळत नाही, शेकता शेकता भाजते, असे डॉक्टरांनी बजावले होते. शेगडी परत गेली. शेगडीशिवाय सेवा कशी करायची, हे त्यांना दोन दिवस सुचत नव्हते.

पहिला आठवडा ती कमरेत वाकून चाले, टाके ताणू नयेत म्हणून. संध्याकाळी आम्ही दोघे घाटापर्यंत जात असू, मी वयाने वाकलेला आणि ती टाक्यांनी. पोटातले पाणी काढणाऱ्या नळ्यांच्या दोन बाटल्या होत्या. त्यांचे माप मी वहीत लिहीत असे. मास्तरला काहीतरी लिहायला मिळाले की बरे वाटते. कठीण होते ते मुलांचे. सहा आठवडे काही उचलायचे नाही. धाकटा हात वर करून उभा राही आणि ती खाली बसून त्याला जवळ ओढी. पण बसून घेणे आणि उचलून घेणे यांतला फरक चार वर्षांच्या मुलाला नेमका कळतो.

बाराव्या दिवशी ती रडली. पोट सुजलेले, पाठ अवघडलेली, झोप नाही. "कशाला केलं मी हे, नाना?" मला म्हणता आले असते, मी सांगत होतो. जिभेवर आलेही होते. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

सूज उतरायला तीन महिने लागले. शिमग्याला ती आली तेव्हा सरळ उभी राहून आईच्या हातातली घागर घेऊ लागली, आणि आईने ती दिली नाही. पट्टा सुटला होता. ती अधिक सुंदर दिसते का, ते मला ठरवता येत नाही, बापाला ते कधीच येत नाही. आरशासमोर थांबते, एवढे पाहिले. पूर्वी थांबत नसे.

परवा वसुबारसेला सगळी जमली होती. दुपारी ती आडवी झाली तेव्हा धाकटा तिच्या पोटावर डोके ठेवून झोपी गेला. थोड्या वेळाने ती डोळे मिटूनच हाताने चाचपू लागली. मी विचारले, काय शोधतेस?

"हा आहे का उठून गेला, ते बघते," ती म्हणाली. "तिथे अजून कळत नाही मला."