अपवादाची अट

पुरुषाला 'महत्त्वाकांक्षी' म्हटले की ते कौतुक असते. स्त्रीला म्हटले की त्यात बहुधा तक्रार दडलेली असते. एकच गुण एकाच्या ठायी भूषण आणि दुसरीच्या ठायी दूषण कसा ठरतो, हा प्रश्न भाषेचा कमी आणि नीतीचा अधिक आहे.

या संदर्भात कमला सोहोनी यांचे उदाहरण मननीय आहे. पूर्वाश्रमीच्या त्या कमला भागवत, दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनी. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. वडील आणि काका त्याच संस्थेचे विद्यार्थी. तरीही संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना नकार दिला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष परीक्षेचे, काम पसंत पडले तरच ते ग्राह्य, आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि पुढे इतर मुलींनाही तेथे वाट मिळाली. 1939 साली कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. संपादन केली, नंतर त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या. हीच प्रयोगशाळा 1958 साली हैदराबादला हलवण्यात आली. आपल्या तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

ही हकीकत आपण विजयकथा म्हणून सांगतो. परंतु तिच्या पोटात एक अन्याय आहे. तेथील कोणाही पुरुष विद्यार्थ्याला 'पुरुष असूनही मी योग्य आहे' असे वर्षभर सिद्ध करावे लागले नव्हते. कमलाबाई असामान्य होत्या म्हणून टिकल्या. तेवढ्याच बुद्धीची, पण तेवढ्या जिद्दीची नसलेली मुलगी दारावरूनच परतली असती आणि तिचे नावही कोणास कळले नसते. म्हणून असामान्य स्त्रीला काय मिळाले, ही समतेची कसोटी नव्हे. सामान्य स्त्रीला सामान्य पुरुषाइतके मिळते का, ही कसोटी आहे.

अशा अटी दीर्घकाळ नियमांतच लिहिलेल्या होत्या. परराष्ट्र सेवेतील स्त्रीने विवाहापूर्वी सरकारची लेखी अनुमती घ्यावी, असा नियम होता. विवाहानंतर तिला राजीनामा देण्यास सांगण्याचीही त्यात सोय होती. सी. बी. मुथम्मा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने या भेदभावावर कठोर ताशेरे ओढले. पुढे 1997 चा विशाखा निकाल आला, 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा आला, 2017 मध्ये प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली. कागदावरची अट अशी बरीच पुसली गेली. घरातली मात्र तशीच राहिली.

दिलसुखनगरात शिकवणी वर्गांचे फलक आणि मुलींची वसतिगृहे पाहिली, तर मुलींच्या शिक्षणाला आज कोणाचा विरोध आहे असे वाटणार नाही. 2018 पासून मेट्रोने अमीरपेट, मियापूरही जवळ आणले. आक्षेप सुरू होतो तो पुढे. रात्रपाळी आली, बढतीबरोबर बदली आली, की. "नोकरी कर, पण घर सांभाळून," हे आपले वाक्य म्हणजे रामन यांचीच अट होय. फरक एवढाच, की हिची मुदत वर्षाने संपत नाही.

मुलांचे संगोपन आणि वृद्धांची सेवा ही कर्तव्ये खोटी आहेत काय, असे कोणी विचारील. मुळीच नाहीत. पण कर्तव्य खरे असणे निराळे आणि ते एकट्या सुनेचे असणे निराळे. जे कर्तव्य सर्वांचे आहे, त्याची किंमत एकीनेच आपल्या आकांक्षेने मोजावी, याला त्याग म्हणण्यापूर्वी तो कोणी मागितला, हे पाहिले पाहिजे.

आपल्या घराण्यांना तर हा विचार परका असू नये. आपले पूर्वज चाकरी, वकिली, व्यापार यांसाठी गाव आणि वडीलधारी माणसे मागे ठेवून या शहरात आले. त्यांच्या त्या धाडसाच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या पणतीने पुण्याच्या किंवा दिल्लीच्या बदलीला होकार दिला, तर तेही त्याच रक्ताचे धाडस आहे. "मग घराचे काय?" हा प्रश्न अवश्य विचारावा; मात्र तो मुलाला आणि जावयालाही त्याच स्वरात विचारावा.